बर्फाच्या जीपची चेसी

उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार जळगावात माणसाला बसायला थंड जागा शोधावी लागायची, आणि ती जागा म्हणजे आमच्या बर्फाच्या कारखान्याचा ओटा. किलोभर बर्फ न्यायला आलेला माणूस तिथे तासभर टेकायचा. टेकलेला माणूस बोलणारच. तो उठून जायचा, पण त्याची गोष्ट ओट्यावरच राहायची, आणि पुढचं गिऱ्हाईक तिच्यात आपली भर घालायचं. टाकीतला बर्फ संध्याकाळपर्यंत संपायचा, गोष्टी मात्र संपायच्या नाहीत. मी तिथे कॉम्प्रेसरवर ऑपरेटर होतो, सगळी नोकरी त्या एका छपराखाली काढली. कुणी भेटलं की अजून म्हणतं, "मधुकरराव, एखादा किस्सा सांगा." एखादा कसा सांगणार? एक ओढला की त्याच्यामागे पाच येतात. त्यातले हे जीपच्या चेसीचे. सत्तरच्या आसपासच्या एका उन्हाळ्याच्या तोंडावरचे.

*

कारखाना पुखराजशेठचा. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, शेठ मात्र जन्मापासून जळगावचे. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली एक जीप होती. तिला मागे ट्रेलर लावायचा, लाद्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळायच्या आणि गावोगाव बर्फ पोचवायचा. ड्रायव्हर सुपडूभाऊ. यावलकडचा उंच, काटक माणूस, पन्नाशीला आलेला. जीप कारखान्यात आली त्या दिवसापासून तिच्यावर तोच.

आता जळगावात लोखंड गंजायला पाऊस किती पडतो? पण बर्फाचे डबे मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेले असतात. लादी काढताना ते पाणी ठिबकतं. आमची जीप वर्षानुवर्षं त्याच ओट्याला पाठ लावून उभी राहिली. वर कुल्फीवाल्यांची मिठाची पोतीही तिच्यातूनच जायची. म्हणजे ही गाडी राहायला जळगावात आणि तब्येत कोकणातल्या होडीची.

त्या वर्षी माघ संपत आला होता. नशिराबादला लग्नाचा बर्फ घेऊन सुपडूभाऊ निघाला, मी सोबत होतो. गाव हाकेवर आलं आणि खालून कडकन आवाज झाला. इंजिन चालू, चारही चाकं जागेवर, पण आमच्या सीट खाली चालल्या. उतरून बघतो तर जीप मधोमध वाकलेली. चेसी, म्हणजे इंजिन-बॉडी सगळं जिच्यावर बसवलेलं असतं ती लांब लोखंडी चौकट, एका बाजूने मोडली होती.

लग्नघरून बैलगाडी आली. बर्फ तिच्यात चढवला, जीप मागे दोराने बांधली आणि बैलांनी दोघांना मांडवापर्यंत ओढत नेलं. सगळं वऱ्हाड गोळा झालं. नवरीचे आजोबा काठी टेकत जीपभोवती एक फेरी मारून आले. पोटाशी वाकलेली गाडी त्यांनी नीट न्याहाळली आणि सुपडूभाऊला अगदी मनापासून विचारलं,

"भो, ही सामान भराले अशी खाली बसते का? उंटावानी?"

सुपडूभाऊ इतका खचला होता की तो "हो" म्हणाला.

*

जीप ट्रकला बांधून कारखान्यात आणली. शेठनी वेल्डर करीमभाईंना बोलावलं. करीमभाईंचं शेड आमच्या समोरच, आमच्या डब्यांना भोकं पडली की तेच डाग द्यायचे. ते खाली सरपटत गेले. आधी हातोडीचे आवाज आले, मग आवाज बंद झाले. थोड्या वेळाने चेसीच्या बाजूच्या पत्र्यातून एक स्क्रू-ड्रायव्हर बाहेर आला. मग दुसरीकडून आला. करीमभाई खालूनच म्हणाले, "शेठ, इथे वेल्डिंग करायला आधी लोखंड पाहिजे."

ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी सल्ला दिला की भंगारात काढा. शेठचंही मन तिकडेच होतं. धुळ्याच्या एका बर्फवाल्याने ट्रक घेतला होता, आणि आमची पारोळ्याची लाईन, म्हणजे तिकडे बर्फ पोचवायचा धंदा, आपल्याला द्यावी म्हणून तो शेठच्या मागे लागला होता. शेठ म्हणाले, देऊन टाकतो, जवळच्या गावांपुरता एक टेम्पो घेतो, त्याच्यावर एखादा तरणा ड्रायव्हर ठेवतो.

हे बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सुपडूभाऊ तिथेच उभा आहे. पारोळ्याची लाईन गेली म्हणजे सुपडूभाऊचं कामच गेलं, हे ओट्यावरच्या प्रत्येकाला कळत होतं. सुपडूभाऊने टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "शेठजी, मले पाडव्यापर्यंत सवड द्या. दुसरी चेसी मी पाहतो."

शेठ मानेनं नाही म्हणणार, इतक्यात आतून माँसा आल्या. माँसा म्हणजे शेठच्या आई. सत्तरी ओलांडलेली बाई, पण दर सोमवारी सुपडूभाऊच्या शेजारच्या सीटवर बसून मेहरुणच्या तलावापर्यंत चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पदर दातात धरून त्या वाऱ्यावर बसायच्या. त्यांनी फक्त एक वाक्य उच्चारलं.

"टेंपो में हवा कोनी लागै."

टेम्पोत वारा लागत नाही! शेठनी कपाळावरून हात फिरवला आणि पाडव्यापर्यंतची सवड मंजूर केली.

*

चेसी मिळायची कुठे? सुपडूभाऊ भेटेल त्या ड्रायव्हरला विचारत सुटला. ट्रकवाले, एसटीवाले, टांगेवालेसुद्धा. शेवटी कापसाच्या गाठी वाहणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरने बातमी आणली की दोंडाईच्याच्या एका जिनिंग कारखान्यात आपल्यासारखीच जीप होती. तिचं इंजिन मालकाने विहिरीच्या पंपाला लावलं, बॉडी विकली, आणि चेसी मात्र अजून तिथे आहे. शेठ, सुपडूभाऊ, करीमभाई आणि मी, सगळे आगगाडीने दोंडाईच्याला गेलो.

मालकाने ओळखीपाळखी काढल्या, चहा पाजला आणि म्हणाला, "चेसी आहे, खुशाल न्या. पण ती जरा कामात आहे."

ती खरोखरच कामात होती. जिनिंगच्या मागच्या फाटकाबाहेर एक खोल नाला होता, आणि चेसी त्याच्यावर आडवी टाकली होती, वर फळ्या. कापूस निवडायला येणाऱ्या सगळ्या बाया त्याच पुलावरून येत-जात होत्या. सुपडूभाऊ नाल्यात उतरला, खालून चेसीवर हात फिरवला, नखाने खरवडलं, आणि वर बघून नुसता हसला. इतक्या दिवसांत तो हसलेला मी पहिल्यांदा पाहिला. नाला पावसाळा सोडला तर कोरडा, त्यामुळे चेसी ठणठणीत होती.

आम्ही फळ्या काढायला हात घातला आणि यमुनाअक्का आल्या. त्या बायांच्या मुकादम. कमरेला पदर खोचलेला, डोक्याला कापसाचे तंतू चिकटलेले. काय चाललंय ते त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ली जा ना भाऊ. पन आमन्या बठ्ठ्या बाया मंग कोठेन जातीन? उडी मारीसन?"

सगळ्या बायांनी उडी मारून नाला ओलांडायचा का, हा प्रश्न बरोबरच होता. मालक म्हणाला, दोन दिवस पुढच्या फाटकाने या. पुढच्या फाटकाने यायचं तर बायांना अख्ख्या आवाराला वळसा पडत होता. अक्का पुलाच्या मधोमध मांडी घालून बसल्या. त्यांच्या मागे बाकीच्या बाया बसल्या. आमची चेसी आता पन्नासेक बायांखाली होती.

मग आम्हीच शेजारी दुसरा पूल बांधायला घेतला. मालकाकडून सागाच्या दोन जुन्या तुळया काढल्या, चौघांनी खांद्यावरून आणल्या, नाल्याच्या काठांवर दगड रचून त्या बसवल्या, फळ्या ठोकल्या. शेठनी आयुष्यात पहिल्यांदा हातोडी धरली आणि लगेच अंगठ्यावर मारून घेतली. बाया बसून बघत होत्या आणि मधून मधून सूचना देत होत्या.

पूल तयार झाला तरी अक्का उठेनात. त्यांनी आम्हा चौघांकडे एकेकदा पाहिलं आणि शेठवर नजर थांबवली. आमचे शेठ अंगाने भरभक्कम, बर्फाच्या दोन लाद्या सहज भरतील असे. अक्का म्हणाल्या, "पहिले तुम्ही चाली दखाडा."

शेठनी धोतर सावरलं आणि निघाले. तुळया करकरल्या. सगळ्या बायांनी श्वास रोखला, आम्ही तर आधीच रोखला होता. शेठ पलीकडे पोचले, वळले आणि परत आले. अक्का उठल्या, लुगडं झटकलं आणि मागे वळून आवाज दिला,

"चला वं! शेठ पार व्हयनात, आते बठ्ठं गाव पार व्हई."

*

चेसी बैलगाडीतून दोंडाईचा स्टेशनवर आणली. बुकिंगच्या बाबूने बाहेर येऊन तिला पाहिलं आणि विचारलं की ही काय वस्तू आहे. मी म्हटलं, जीप. त्याने चाकं शोधली, इंजिन शोधलं, स्टिअरिंग शोधलं. दोन लांब दांड्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या, याखेरीज तिथे काहीच नव्हतं. तो माणूस प्रामाणिक होता, आणि मीही खरंच बोलत होतो, पण आमचं जमेना. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही हिला जीप म्हणा, मला दिसतं ते मी लिहितो." त्याने लिहिलं, लोखंडी शिडी, एक नग.

जळगावला माल उतरला. हमालांनी शिडी म्हणून उचलायला घेतली आणि खाली ठेवून दिली. कारखान्यात आणेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की पुखराजशेठनी दोंडाईच्याहून खास शिडी मागवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मांडववाला ओट्यावर हजर. मोठं लग्न आहे, म्हणाला, मांडव उंच घालायचाय, एक दिवस शिडी द्या. सुपडूभाऊने त्याला आत नेलं आणि दाखवली.

मांडववाल्याने वाकून दोन्ही हातांनी एक टोक उचलून पाहिलं, हळूच परत ठेवलं आणि म्हणाला, "राहू द्या. आमचा मांडवच हिला धरून उभा करावा लागेल."

*

आता जुन्या चेसीवरून बॉडी उचलायची कशी? आधी तर बोल्टच गंजून एकजीव झालेले. करीमभाईंनी रॉकेल ओतलं, हातोड्या मारल्या, शेवटी गॅसने कापले. मग माझ्या डोक्यात आलं की टाकीतून बर्फाचे डबे उचलायला आपल्याकडे छताला रूळ आहे, त्यावर साखळीची कप्पी आहे. तीच वापरायची. शेठनी एकच अट घातली की बर्फ काढणं थांबता कामा नये.

त्या दिवसांची मजा काय सांगू! जीपची बॉडी साखळ्यांना बांधून आम्ही वर चढवली आणि टाकीच्या बाजूला टांगून ठेवली. खाली करीमभाई नव्या चेसीला स्प्रिंगा लावताहेत, सुपडूभाऊ रंग देतोय, मी कॉम्प्रेसर सोडून दर घटकेला बघायला येतोय. डबे काढायची वेळ झाली की "बाजू!" अशी हाळी व्हायची, मग बॉडी रुळावरून सरकवत टाकीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची, डबे काढायचे, बॉडी परत आणायची. कामावरची माणसं घरी जायला तयार नव्हती. करीमभाईंनी घरचा डबा मागवून तिथेच खायला सुरुवात केली. माँसा रोज खुर्ची टाकून बसायच्या.

एका दुपारी मोतीराम कुल्फीवाला बर्फ न्यायला आला. उन्हातून आत आल्यामुळे त्याला क्षणभर काही दिसलं नाही. मग दिसलं की मिठाच्या टाकीवर, बर्फाच्या डब्यांच्या रांगेत, साखळीला एक अख्खी जीप लटकते आहे. त्याने खांद्यावरचा पंचा डोळ्यांवरून फिरवला, पुन्हा पाहिलं. हसला नाही, दचकला नाही. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं त्याने मला विचारलं,

"हिला जमायला किती वेळ लागतो?"

*

बॉडी खाली उतरली, इंजिन बसलं, चाकं लागली. पाडवा तोंडावर आला होता. पहिल्यांदा चालवून बघायचा दिवस ठरला आणि त्या दिवशी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेठनी नारळ आणला. करीमभाई इस्त्रीचा सदरा घालून आले. नारळ फुटताच माँसा पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. शेठ म्हणाले, आधी रिकामी चालवू. माँसांनी पदर दातात धरला, म्हणजे चर्चा संपली.

सुपडूभाऊने स्टार्टर मारला. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. जीपने आवारात एक फेरी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी फेरी जरा जोरात झाली. मग सुपडूभाऊ ओट्यासमोर गाडी उभी करायला आला, आणि आमच्या समोरून तशीच पुढे गेला. जाताना त्याचा चेहरा आम्ही पाहिला.

ब्रेकचा पाइप जोडायचा राहिला होता. करीमभाईंना वाटलं सुपडूभाऊने जोडला, सुपडूभाऊला वाटलं मी जोडला, आणि मी समजत होतो की असलं काम वेल्डरचंच असतं.

सुपडूभाऊने डोकं शांत ठेवलं. भिंत डावीकडे, विहीर उजवीकडे, समोर लाकडाच्या भुशाचा डोंगर. त्याने डोंगर निवडला. जीप पुढच्या काचेपर्यंत भुशात शिरली आणि सगळीकडे पिवळा धुरळा उडाला. काही दिसेना. शेठ "माँसा, माँसा" करत अनवाणी धावले, आम्ही त्यांच्यामागे.

धुरळा खाली बसला. माँसा सीटवर होत्या तशाच ताठ बसलेल्या. केस, भुवया, पदर, सगळं भुशाने माखलेलं. शेठनी विचारलं, कुठे लागलं का. माँसांनी तोंडातला भुसा थुंकला, मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि सुपडूभाऊच्या दंडाला हात लावून म्हणाल्या,

"एकर फेरूं चला."

म्हणजे पुन्हा एकदा. शेठ तिथेच भुशात बसले.

*

ब्रेक जोडले, तपासले, माझ्याकडून दोनदा शपथ घेऊन पुन्हा तपासले. पण जीप अजून रस्त्यावर माल घेऊन जाऊ शकत नव्हती. चेसीचा नंबर बदलला होता, त्याची नोंद व्हायला हवी होती, आणि त्या कामासाठी गाडी धुळ्याच्या आरटीओ कचेरीत नेऊन दाखवावी लागली. सुपडूभाऊ आणि मी निघालो. साहेबाने नाही म्हटलं तर सगळं संपलं, हेच रस्ताभर सुपडूभाऊच्या डोक्यात.

साहेब गंभीर होते. वाकून चेसीचा नंबर पाहिला, इंजिनचा पाहिला, मग आमच्याकडे वळले. चेसी कुठली, म्हणाले. मी सांगितलं, दोंडाईच्याची, आणि जिनिंगच्या मालकाची पावती पुढे केली. इंजिन कुठलं? जळगावचं. बॉडी? जळगावची. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग मला सांगा, ही गाडी कुठली धरायची? दोंडाईच्याची दुरुस्त केलेली, की जळगावची?"

मी काहीतरी कायद्याचं बोलायला लागलो आणि अडखळलो. माझ्या मागून सुपडूभाऊ पुढे आला. पुन्हा टोपी हातात. अगदी गरिबासारखा म्हणाला, "साहेब, माहेर दोंडाईचा, सासर जळगाव."

साहेबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद सुपडूभाऊच्या हातात देताना म्हणाले,

"जपून न्या. दिल्या घरी सुखी राहू दे."

*

आणि आता पारोळ्याचा किस्सा. आमच्या ओट्यावर हा इतक्यांदा सांगितला गेला की पारोळ्याला कधी न गेलेले लोकही आपण तिथे होतो असं सांगायचे. मी मात्र खरोखर होतो.

पाडवा झाला आणि पहिल्या बाजाराच्या दिवशी आम्ही पारोळ्याची लाईन पुन्हा सुरू केली. सुपडूभाऊने पहाटे जीप धुतली, पुढे झेंडूचा हार बांधला. ट्रेलर लाद्यांनी भरलेला. सुपडूभाऊ चक्क गुणगुणत होता. वाटेत एरंडोलजवळ समजलं की धुळ्याच्या बर्फवाल्याचा ट्रक आज सकाळपासून पारोळ्यात फिरतोय. गुणगुणणं थांबलं आणि गाडीचा वेग वाढला.

बाजारात नेहमीच्या जागी, सोडावाल्या नानांच्या दुकानाच्या अलीकडे, आम्ही गाडी उभी केली आणि वाट पाहू लागलो. एरवी आमची जीप थांबायच्या आत लोक पिशव्या, गोणपाटं, घमेली घेऊन रस्त्यावर आलेले असायचे. त्या दिवशी कुणीच आलं नाही. घटका गेली. गोणपाटातून पाणी गळायला लागलं. कुठूनतरी त्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता. मी सुपडूभाऊकडे बघायचं टाळत होतो. तो खाली उतरून चाकाला टेकून बसला आणि म्हणाला, "गेली लाईन."

तेवढ्यात रसवंतीवाली बाई समोरून चालली होती. आम्हाला बघून थबकली. "अरे, तुम्ही आलात कधी? आम्ही सकाळपासून कान लावून बसलोय. त्या ट्रकवाल्याला नाही म्हणून सांगितलं, म्हटलं आमची गाडी वाजली की घेऊ."

मी आणि सुपडूभाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या जुन्या जीपचा खडखडाट असा होता की ती गावाच्या वेशीवर असतानाच बाजारात कळायचं. वर्षानुवर्षं पारोळ्याचे लोक त्या आवाजावर घराबाहेर पडत होते. आणि नव्या चेसीवर बॉडी बसवताना करीमभाईंनी मधे कॉम्प्रेसरच्या जुन्या रबरी पट्ट्याचे तुकडे घालून सगळे बोल्ट असे आवळले होते की जीप लोण्यासारखी चालत होती. धुळ्याला जाता-येता याच गावातून गेलो होतो, तेव्हाही कुणी वळून पाहिलं नव्हतं. पण तेव्हा बर्फ नव्हता, म्हणून आम्ही ते मनावर घेतलं नाही.

सुपडूभाऊ उठला. शेजारच्या तेलाच्या दुकानातून त्याने रिकामे डबे मागून घेतले, त्यांत मूठमूठ खडी टाकली, दोराने ते जीपच्या आणि ट्रेलरच्या खाली बांधले. मला म्हणाला, बस. आम्ही वेशीपर्यंत मागे गेलो, गाडी वळवली, आणि सुपडूभाऊने ती बाजाराच्या रस्त्यावर सोडली. काय तो आवाज! कुत्री पळाली, बैलांनी माना वर केल्या, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून लोक घमेली घेऊन धावत बाहेर आले. नेहमीच्या जागी पोचेपर्यंत आमच्यामागे मिरवणूक झाली होती. धुळ्याचा ट्रक कोपऱ्यावर उभा होता, त्याचा ड्रायव्हर टपावर चढून बघत होता.

लाद्या भराभर उतरायला लागल्या. गर्दीतून सोडावाले नाना पुढे आले. नानांना मोतीबिंदूमुळे धूसर दिसायचं. त्यांनी चाचपत जीपच्या बॉनेटवर हात ठेवला, हाराला हात लावला, आणि जरा संशयानेच विचारलं,

"सुपडू, चेसी बदलली म्हणे. मग आवाज तोच कसा रे?"

सुपडूभाऊ लादीवरचा भुसा झटकत होता. मान वर न करता म्हणाला,

"आवाज बॉडीत होता, नाना. बॉडी जुनीच आहे."

नानांनी बॉनेटवर थाप मारली.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "दोन लाद्या उतरव."